खालून वर पोखरणारा कोळी

"मी डोंगर खालून वर पोखरतो," अशी भास्करदादा स्वतःची ओळख करून देत, आणि ऐकणारा चकित झाला नाही तर त्यांना राग येई. विदर्भातल्या एका भूमिगत खाणीत विवर पाडणाऱ्या यंत्राचे ते प्रमुख होते; मी पाळीचा अधिकारी. मी वसईजवळच्या पापडीचा आहे हे कळताच ते म्हणाले, "म्हंजे केळीवाले! या सायेब, आता दगड सोला." ते स्वतः वसईच्याच पाचूबंदर कोळीवाड्यातले.

त्या यंत्राने वरच्या बोगद्यातून खालच्या बोगद्यापर्यंत आधी बारीक छिद्र पाडायचे. मग खाली दांड्याला दातेरी चाकांचे रुंद डोके जोडून ते फिरवत वर ओढायचे. फुटलेला दगड खाली पडत जातो आणि हवेसाठी विवर तयार होते. आत माणूस लागत नाही. जुन्या पद्धतीत माणसे शिड्यांनी त्या उभ्या पोकळीत चढून डोक्यावरच्या खडकात सुरुंग भरत. दादांचा एक मित्र तसा चढला होता, तो परतला नाही. एरवी फुशारकी मारणारे दादा एवढेच हळू आवाजात सांगत.

एकदा छिद्र अर्ध्यावर असताना गारगोटीचा कठीण पट्टा लागला आणि दांडा थरथरू लागला. व्यवस्थापक म्हणाले, "दाब वाढवा." दादांनी तो कमी केला.

"दगडाशी भांडायचं नाय, सायेब. त्याला कंटाला आनायचा. रेटलं तर भोक वाकडं जाईल."

सगळे दांडे बाहेर काढून भोक सरळ ठेवणारे जाड आधारदांडे बसवायचे त्यांनी ठरवले. व्यवस्थापकांचा धीर सुटला. खाली हवा कमी पडत होती, हेही खरेच. "तोवर जुन्या पद्धतीने खालून सुरुंग लावा, चौघांना शिडीने वर चढवा," त्यांनी मला सांगितले. आदेश माझ्या सहीने निघायचा होता. मी भिडस्त, नकारासाठी सौम्य शब्द शोधत राहिलो.

दादांनी तेवढा वेळ घेतला नाही. वर त्यांची माणसे दांडे काढत असताना ते खालच्या बोगद्यात शिडीच्या पहिल्या पायरीवर बसले आणि त्यांनी सुक्या बोंबलाचा डबा उघडला.

"उठा, दादा," व्यवस्थापक म्हणाले.

"जेवन झाल्यावर."

"ते कधी होणार?"

"भोक आरपार झाल्यावर. मी हलू जेवतो."

चौघे कामगार हसले. मी दादांशेजारी जाऊन बसलो. "सही होणार नाही," मी म्हणालो. आवाज लहानच निघाला, पण पुरला.

छिद्र आखलेल्या जागीच उतरले. पुढे रुंद डोके वर पोहोचले, तशी बोगद्यातली कोंडलेली धूळ सरसर वर निघाली. "घ्या, पाचूबंदरचा वारा!" दादा ओरडले. असा माणूस आमच्या वसईचा, हे तेव्हा मी दिसेल त्याला सांगत सुटलो होतो.

दादा यंदा गेले. त्यांच्या अंगणात जमलेल्या होडीवाल्या नाखवांत एक अनोळखी वृद्ध संकोचून उभा होता. वहिनींनी विचारले, "तुमी कोन? यांच्या मशीनवर होता का?"

"नाही जी. भंडाऱ्याहून आलो," तो म्हणाला. "दादाहिनं मले वर चढू देल्लं नाही."