नऊ फ्लॉप्या आणि कुंकवाचं बोट

जळायला मी काही कमी बायकांवर जळले नाही. जावेच्या पाटल्यांवर जळले, शेजारणीच्या लोणच्याला बुरशी धरत नाही म्हणून जळले. पण अन्न गोड लागू नये इतकी मनापासून जळले ती एकाच बाईवर. ती सौंसरच्या ऑफिसात बसायची, मी पांढुर्ण्याच्या. महिना महिना आमची भेट होत नसे. आमच्यात जे काही यायचं-जायचं ते एका काळ्या चौकोनी फ्लॉपीवर, आणि ती फ्लॉपी बसचा ड्रायव्हर सोनपापडीच्या रिकाम्या डब्यात घालून आणायचा.

आजच्या पोरांना फ्लॉपी ठाऊक नाही. पापडाएवढी पातळ, हाताच्या पंजाएवढी, मधोमध एक लांबट खिडकी, आणि त्या खिडकीतून आतली तबकडी उघडी दिसायची. कॉम्प्युटरचा प्रोग्राम त्या तबकडीवर राहायचा. खिडकीला बोट लावायचं नाही, हे नागपूरला शिकवणीत पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. पुढे काय झालं ते वाचताना हे ध्यानात ठेवा.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. संत्र्याच्या बागाईतदारांच्या एका सोसायटीनं दोन कॉम्प्युटर घेतले, एक आमच्याकडे, एक सौंसरच्या शाखेत. आम्हा दोघींना तीन महिने नागपूरला शिकायला पाठवलं. काम एकच होतं. आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या पिकाची, तोड सुरू झाली की सगळ्यांना एकाच दिवशी संत्री उतरवायची असतात, आणि पांढुर्ण्याच्या स्टेशनावर मालगाडीचे डबे मिळायचे मोजके. म्हणून कोणत्या गावची बाग कोणत्या दिवशी तोडायची, याची पाळी लावायची. पूर्वी हे काम एक कारकून हातानं करायचा आणि दर वर्षी शिव्या खायचा. आता ती यादी कॉम्प्युटर काढणार होता, आणि त्याचा प्रोग्राम आम्ही दोघींनी मिळून लिहिला होता.

मिळून म्हणजे कसा, तर तिनं एक ओळ बदलायची, फ्लॉपी बसनं पाठवायची. मी दुसरी ओळ बदलायची, परत पाठवायची. कधी दोघींनी एकाच दिवशी बदल करायचा, आणि मग सोनपापडीचे दोन डबे रस्त्यात एकमेकांना ओलांडून जायचे. एका फ्लॉपीत तिचा बदल, दुसरीत माझा, दोन्ही कुठेच नाहीत. असे दिवस मी दात खात काढले. दर वेळी वाटायचं, हिनं मुद्दाम केलं.

आणि या सगळ्याच्या वर साहेबांचं वाक्य. साहेब म्हणजे सोसायटीचे मॅनेजर, भले गृहस्थ. शिकवणीवरून आलो त्याच दिवशी दोघींना समोर बसवून म्हणाले, "हा हंगाम निघू द्या. मग दोघींतल्या एकीलेच कायम करता येईन. पद एकच आहे बाप्पा, मी तरी काय करू."

मला ते पद हवं होतं. घरी सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं की ते माझंच आहे.

आता तिच्याविषयी. ती बी.एस्सी., मी बारावी आणि टायपिंगची परीक्षा. नागपूरला ती पहिल्या बाकावर बसायची आणि मास्तरांचं वाक्य संपायच्या आत तिचं लिहून झालेलं असायचं. वडील शाळामास्तर, घरात पुस्तकांचं कपाट. इस्त्रीची सुती साडी, बसमधून उतरली तरी तिला घडी मोडल्याची खूण नाही. माझी साडी घरातून निघतानाच शरण गेलेली असायची. हे सगळंही मी सोसलं असतं. पण तिचं अक्षर! फ्लॉपीवरच्या चिठ्ठीवर ती बारीक, गोल अक्षरात लिहायची: तारीख, काय बदललं, कशासाठी बदललं. साहेब ती चिठ्ठी मला वाचून दाखवायचे.

"पाहा मॅडम, सौंसरचं काम पाहा. असं लिवत जा नं तुमीपण."

बस. त्या दिवसापासून मी काहीही लिहायचं नाही असं ठरवलं. तिच्यासारखं लिहिलं तर मी तिची नक्कल केली असं झालं असतं. उलट तिची फ्लॉपी आली की तिच्या चिठ्ठीवर मी एक कोरी चिठ्ठी चिकटवायची, चांगला डिंक लावून. अक्षर दिसायला नको आणि साहेबांनी वाचायला नको.

मग सगळ्यात नवी फ्लॉपी ओळखायची कशी? त्यावर मी माझी स्वतःची युक्ती काढली आणि तिचा मला भारी अभिमान होता. नवी फ्लॉपी आली की कोऱ्या चिठ्ठीवर कुंकवाचं एक बोट. त्याहून नवी आली की जुनीचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसायचं आणि नवीला लावायचं. एका वेळी एकच फ्लॉपी कुंकवाची, बाकीच्या कोऱ्या कपाळाच्या. मशीनला विचारून उपयोग नव्हता. तिच्यातलं घड्याळ वीज गेली की थांबायचं, आणि वीज तर रोज जायची. त्यामुळे मशीनच्या मते आम्ही वर्षभर एकाच तारखेत जगत होतो.

मग दसरा आला.

ती घरच्यांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर जायची होती, म्हणून तिनं दोन दिवस आधीच नवी फ्लॉपी पाठवून दिली. मी कुंकू लावून ठेवली. दसऱ्याला ऑफिसात पूजा. तराजू, टाइपरायटर, गोदामाच्या किल्ल्या, आणि यंदा प्रथमच कॉम्प्युटर. साहेब म्हणाले, "मशीनची पूजा तुमच्याच हातानं होऊ द्या, मॅडम." सौंसरवालीला कोणी असं म्हटलं नव्हतं. माझा पदर नीट बसेना, इतकी मी फुगले. मशीनला हार घातला. पाट मांडला, त्यावर आपट्याची पानं पसरली आणि कपाटातल्या नऊच्या नऊ फ्लॉप्या ओळीनं मांडल्या. मग वाटीत हळद-कुंकू कालवलं आणि प्रत्येकीला, पहिलीपासून नववीपर्यंत, भक्तिभावानं बोट लावत गेले. वरून अक्षता. एकीच्या खिडकीत तांदळाचा दाणा अडकला तो टाचणीनं काढला.

नववीवर बोट टेकलं तेव्हा मला कळलं.

पण समोर साहेब हात जोडून उभे, पेढ्याचं ताट फिरतंय. मी आणखी थोड्या अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तोडीची यादी काढायची होती. सौंसरला एक फोन लावला असता तर काम झालं असतं. ती नागपूरहून आली होती. शेवटच्या फ्लॉपीवर कोणती तारीख आहे ते तिनं सांगितलं असतं, मी चिठ्ठ्या भिजवून ती शोधली असती. फोन माझ्या टेबलावरच होता. पण "ताई, नवी कोणती ते मला ओळखू येत नाही," हे वाक्य माझ्या तोंडून निघेना, आणि साहेबांसमोर तिच्या चिठ्ठ्या भिजवून तिचं अक्षर वर काढणं मला जमेना. मी नऊतली एक उचलली. का तीच? तिचं कुंकू सगळ्यात छान गोल उमटलं होतं. यादी छापून निघाली, फळ्यावर लागली, एक प्रत सौंसरला गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं सौंसरकडचे चार बागाईतदार उतरले, आणि त्यांच्या मागं, साडीची घडी न मोडता, ती. बोरगावचा एक म्हातारा सगळ्यात पुढे.

"काऊन वो बाई, बोरगाव कुठं गेलं? दसऱ्यापर्यंत तर होतं!"

मी लावलेला प्रोग्राम जुना निघाला. बोरगाव आणि लोधीखेड्याकडची गावं सोसायटीत नंतर आली, आणि जुन्या प्रोग्रामला ती ठाऊकच नव्हती. त्यानं ती बिनबोभाट गाळली होती. संत्री झाडावर पिकून राहिलेली, आणि यादीत गावच नाही.

साहेबांनी मला विचारलं, "कोणती फ्लॉपी लावली होती?"

"सौंसरहून आलेलीच लावली, साहेब." तिच्या तोंडावर म्हटलं मी हे. खोटंही नव्हतं. सगळ्याच कधी ना कधी सौंसरहून आल्या होत्या.

तिनं पिशवीतून एक जाड वही काढली. फ्लॉपीवरच्या चिठ्ठ्या हे तिचं वरवरचं काम होतं हे मला तेव्हा कळलं. वहीत पूर्ण प्रोग्राम होता, हातानं लिहिलेला, आणि प्रत्येक बदलाच्या पुढे तारीख. "दसऱ्याच्या दोन दिवस आधी पाठवली त्याच्यात बोरगाव हाये, लोधीखेडा हाये. लावलेली फ्लॉपी दाखवा नं, ताई."

मला पाट बाहेर आणावा लागला. म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं.

"माय वो! नऊच्या नऊ सवाष्णी!"

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं, हसू पुसलं की घाम, देव जाणे. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "ताई, कुंकू पाहून फ्लॉपी ओळखता तुमी? अन् माह्या चिठ्ठ्या?" तिनं एका कोऱ्या चिठ्ठीचा कोपरा नखानं उचलला. खाली तिचं अक्षर. 

चिठ्ठ्या भिजवून खरी फ्लॉपी सापडली, पण तिच्या खिडकीत हळद सुकलेली. मशीन ती वाचेना. मग तिनं सोबत आणलेली स्वतःची फ्लॉपी घातली. मी दोन दिवस कुंकवाच्या फ्लॉप्या घालून मशीनची खाचही लाल करून ठेवली होती. तिची फ्लॉपीही मिनिटभर करकरली आणि गेली. तिच्याकडे तिसरी नव्हती. दवाखान्यातून स्पिरिट आणि कापूस आणून खाच पुसली, कपाटातली नवी कोरी फ्लॉपी घातली, आणि उरला एकच मार्ग: वहीतून सगळं पुन्हा टाइप करायचं. ती वाचेल, मी टाइप करीन. टायपिंगमध्ये माझा हात धरणारी दोन तालुक्यांत नव्हती, तेवढं मला कबूल करू द्या.

दुपारभर ती वाचत होती. मी प्रोग्राम फ्लॉपीवर पाहिला होता, पण तिच्या तोंडून एकेक ओळ ऐकणं वेगळं. मी आठ ओळींत जे केलं होतं ते ती तीन ओळींत करत होती.  इतकं नेटकं काम शत्रूनं करू नये.

आणि मग एक ओळ आली आणि मी मनात टाळी वाजवली. एकच नाव दोनदा आलं तर दुसरं गाळायचं, अशी ती ओळ होती. आमच्याकडे एका गावात एकाच नावाआडनावाची तीन-तीन माणसं! वडिलांचं नाव पाहिल्याशिवाय वेगळे कसे करणार? ही चूक मला पावसाळ्यातच सापडली होती. दुरुस्तीची ओळ मी माझ्यापुरती लिहून ठेवली होती, आणि तिला सांगितलं नव्हतं. पडू दे तोंडघशी एक दिवस, म्हणून जपून ठेवली होती.

तो दिवस आता आला होता. तिनं वाचलं तसं टाइप केलं की झालं. यादी चुकणार, प्रोग्राम तिच्या वहीतला, पद माझं.

दारात तो बोरगावचा म्हातारा बसला होता. त्याच्या नावाचे गावात तिघं होते, हे मला रजिस्टरवरून ठाऊक होतं.

मी वडिलांच्या नावाची ओळ मध्ये घातली. बोलले मात्र नाही. सांगितलं असतं तर माझं नाव झालं असतं, पण पावसाळ्यापासून दडवून ठेवली हेही कळलं असतं. मी गुपचूप दुरुस्ती करून शहाणपण आणि श्रेय दोन्ही तिच्या पदरात टाकलं. अशी मत्सरी बाई तुम्ही कुठे पाहिली नसेल, जिला मत्सरही धड जमला नाही.

यादी अचूक निघाली. साहेब म्हणाले, "वा, सौंसर, वा!"

चार दिवसांनी सौंसरहून फोन.

"ताई, प्रोग्राम वहीसोबत ताडून पाहून राहिली होती. एक ओळ जास्तीची हाये. वडलाच्या नावाची. तुमची काय?"

"छे. तुमचीच असेल."

"माह्या वहीत नाही. मंग काढून टाकते."

"थांबा!" मी अशी ओरडले की साहेबांनी खोलीतून मान बाहेर काढली. "काढू नका. राहू द्या."

"काऊन?"

आणि मग मला सगळं सांगावं लागलं, पावसाळ्यापासून.  मग ती म्हणाली, "चार महिने तुमाले माहीत होतं, अन् तुमी मले सांगतलं नाही." चिडलेली होती. तिला पहिल्यांदाच चिडलेलं ऐकलं आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग कागदावर पेन फिरल्याचा आवाज. "ओळ पांढुर्ण्याची. लिवली मी. तारीख पावसाळ्याची टाकू का आजची?"

"टाका पावसाळ्याची," मी म्हटलं.

तिनं साहेबांनाही सगळं सांगितलं, ओळ माझी आहे हे आणि मी ती दडवली हे, दोन्ही, काही न गाळता. साहेब मला रागावले नाहीत, ते जास्त लागलं. हंगाम संपला आणि पद तिला मिळालं. मी परत टाइपरायटरवर.

तिच्या कायम होण्याचा हुकूम टाइप करायला माझ्याच टेबलावर आला. कार्बन लावून चार प्रती. तिचं नाव टाइप करताना एक अक्षर इकडचं तिकडे करावं असं फार वाटलं, बोट कळीवर ठेवून मी किती तरी वेळ बसले. पण ती वाचणार होती तो कागद. तिनं चूक पकडली असती, तारीख घालून वहीत लिहिली असती, आणि पुढे लिहिलं असतं, पांढुर्ण्याची.

चारही प्रती बिनचूक निघाल्या.