उघाडीची पेटी आणि बहिणीचं कलम

माझ्या चुलतबहिणीवर मी चौथीपासून जळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, बिचारीला लायसन्सची कलमं कळली नाहीत म्हणून घोटाळा झाला. कलमं मला चांगली कळतात. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते.

आमची दोन्ही घरं एकाच अंगणात. ती माझ्याहून दोन महिन्यांनी लहान, म्हणून मला ताई म्हणते, आणि मला तेही झोंबतं. चौथीत तिला माझ्यापेक्षा एक मार्क जास्त पडला. एकच! पण पेढे तिच्या घरात वाटले आणि आमच्या घरी पेढा घेऊन तीच आली. पुढे ती पुण्याला इंजिनीअरिंगला गेली, मग नवी मुंबईत मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागली. ज्या वर्षी ती गेली त्याच वर्षी माझे वडील बांधावरून घसरले आणि त्यांचा गुडघा कायमचा गेला. कुणीतरी घरी राहायला हवं होतं. मी राहिले. भाऊबंदकी काय फक्त भावांचीच असते?

वडील गावची उघाडी राखायचे. खाडीचं खारं पाणी भातात येऊ नये म्हणून खारजमिनीला बांध असतो आणि त्या बांधात फळ्यांचं दार असतं, ती उघाडी. ओहोटीला फळ्या काढायच्या, शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत जाऊ द्यायचं. भरती लागली की फळ्या टाकायच्या. उधाणाच्या दिवशी एकदा चुकलं की खारं पाणी आत, आणि मग दोन-तीन वर्षं त्या शेतात भात धरत नाही. वडील तिथीवरून भरतीची वेळ सांगायचे. पण वारा असला, वरून पाऊस असला की तिथी चुकते, म्हणून ते दिवसातून चार खेपा बांधावर जायचे. गुडघा गेल्यावरही. काठी टेकत, चिखलातून.

त्यातून ही पेटी सुचली. उघाडीच्या बाहेर एक तरंगता गोळा, आत एक, मध्ये एक छोटं कार्ड. पाणी चढायला लागलं की घरात भोंगा वाजणार आणि फोनवर निरोप येणार. म्हणजे वडिलांनी ओट्यावर बसावं आणि भोंगा वाजला तरच उठावं. एवढंच मला हवं होतं.

पेटी चालली. शेजारच्या चार गावांनी मागितली. मी त्यातला प्रोग्रॅम इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला, ओपन सोर्स. तिथे लायसन्स निवडावं लागतं. मी सगळ्यात छोटं निवडलं. पंधरा-वीस ओळींचं: घ्या, वापरा, बदला, विका, माझं नाव तेवढं राहू द्या, बिघडलं तर माझ्याकडे येऊ नका. झालं! मग एकदा कुठल्याशा लांबच्या देशातून कुणीतरी आभाराचं पत्र लिहिलं. ते पत्र मी स्टाफरूममध्ये तीनदा वाचून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं काहीतरी होतं जे तिच्याकडे नव्हतं.

पेटीत एक खोट मात्र होती. दिघी बंदराकडे जाणारा एखादा मोठा ट्रॉलर गेला की त्याच्या लाटेने गोळा उडायचा आणि पेटीला वाटायचं, भरती आली. भोंगा! वडील उठायचे, काठी घ्यायचे, जायचे, आणि परत येऊन म्हणायचे, "काय न्हाय गो, होडी गेली."

शिमग्याला बहीण आली, तेव्हा तिच्यादेखत हे दोनदा झालं. ती वडिलांच्या मागोमाग बांधावर गेली, गुडघाभर चिखलात उभी राहून बराच वेळ गोळ्याकडे बघत बसली, आणि आल्या आल्या म्हणाली, "ताई, बाहेर एक नाही, दोन गोळे लाव. थोड्या अंतरावर. लाट आधी एकाला लागते, मग दुसऱ्याला. भरती दोघांना एकदम उचलते. पण अगं, हे तू तुझ्या मनाने घालू नकोस हं. आमच्या कंपनीने यावर पेटंटचा अर्ज केलाय, त्यात माझंही नाव आहे. मी साहेबांना विचारते आणि रीतसर देते."

पेटंट. तिचं नाव. माझ्या अंगणात उभं राहून, माझ्या पेटीची खोट काढून! मी म्हटलं, "बरं हो, दे." आणि आत जाऊन पुरणाच्या पातेल्यात डाव असा आपटला की आई धावत आली.

तीन महिन्यांनी तिने खरंच पाठवलं. अशा ठिकाणी कुणी सुधारणा पाठवली की मूळ मालकाच्या पानावर ती येऊन थांबते. मालकाने वाचायची आणि पटली तर 'स्वीकारा' हे बटण दाबायचं. तिने कोड पाठवला होता आणि सोबत विनंती केली होती: लायसन्स बदल, मोठं घे. त्या मोठ्या लायसन्समध्ये पेटंटचं कलम असतं. कोड देणारा नुसता कोड देत नाही, त्या कोडाला त्याचं जे पेटंट लागतं ते वापरायचा हक्कही देतो. सगळ्यांना, फुकट, आणि पुन्हा मागे घेता न येण्यासारखा. आणि हा प्रोग्रॅम माझ्या पेटंटवर बेतलाय म्हणून कुणी कोर्टात गेला, तर त्याला यात मिळालेला पेटंटचा हक्क तिथल्या तिथे संपतो. कंपनीने परवानगी दिली होती, पण याच लायसन्सखाली. खाली तिने लिहिलं होतं, "तुझ्या छोट्या लायसन्समध्ये पेटंटचा शब्दच नाही. ताई, उघाडीची वाट आठव."

उघाडीची वाट मला आठवत होती. बांधाकडे जायची आमची पायवाट दुसऱ्याच्या शेतातून जायची. त्या म्हाताऱ्याने वडिलांना तोंडी सांगितलं होतं, जा की खुशाल. पुढे म्हातारा वारला, मुलांनी शेत एका बंगलेवाल्याला विकलं, आणि एके दिवशी तिथे फाटक आलं. कागद कुठाय, असं विचारलं. कागद कुठला असणार? तेव्हापासून वडील वळसा घालून जातात, देवळामागून.

इतकं स्पष्ट तिने लिहिलं होतं. आणि मी काय बघितलं? फाइलच्या माथ्यावर तिच्या कंपनीचं नाव. त्याखाली तिचं. माझ्या पेटीवर! तळपायाची आग मस्तकात गेली. आधी वाट मागायची आणि मग शेत घ्यायचं, मला काय कळत नाही होय? मी बटण दाबलं नाही. नकारही कळवला नाही. ते तसंच लटकत ठेवलं.

पण खोट्या भोंग्यांपायी वडील तर चार खेपा घालतच होते. म्हणून मी तिचा कोड शेजारी उघडा ठेवला आणि तेच सगळं माझ्या शब्दांत लिहून काढलं. नावं बदलली, ओळी मागेपुढे केल्या, दोन जागी तिच्यापेक्षा नीटनेटकं केलं. आणि माझ्या छोट्या लायसन्सखाली, माझ्या नावाने, दुसऱ्या गोळ्यासकट पाचही गावांत चढवलं. पोरांनी जर्नल असं उतरवलं तर मी फाडून हातात देते. तेव्हा मला वाटलं, आता झालं माझं. तिचं एक अक्षर नाही यात.

भोंगा नुसता खऱ्या भरतीला वाजायला लागला. तो सगळा पावसाळा आणि त्याच्या पुढचा, वडील ओट्यावर बसले. जाळी विणली. त्यांच्या गुडघ्याची सूज उतरलेली मी पहिल्यांदा पाहिली. बहिणीचा फोन आला, "काका कसे आहेत? बसतंय ना नीट?" मी म्हटलं, "एकदम झकास." तिने मानून घेतलं की मी बटण दाबलं. मी मानू दिलं. खरं सांगते, त्या फोननंतर मी गुणगुणत भाकऱ्या केल्या.

मग अलिबागच्या एका कचेरीतून बोलावणं आलं. तालुक्यातल्या आणखी उघाड्यांवर पेट्या बसवायचं घाटत होतं. साहेब भला माणूस. कागद पुढे सरकवत म्हणाला, "मॅडम, एवढी एक सही. या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या कुणाचं पेटंट वापरलेलं नाही, किंवा वापरलं असेल तर तशी परवानगी आहे. आता चालू असलेल्या पेट्यांसकट." मी म्हटलं, उद्या देते.

बाहेर येऊन तिला फोन लावला. ती खुशीत म्हणाली, "अगं मग कर की सही, कलम आहे ना. बरं झालं तेव्हा घेतलंस. आता कंपनी विकली गेली, नवे मालक असलं काही देत नाहीत. जुनी परवानगीही रद्द केली त्यांनी, पण जे आधी स्वीकारलं गेलंय त्याला हात लावता येत नाही."

मी कचेरीच्या पायरीवर बसले.

"ताई? तू घेतलं होतंस ना?"

मी म्हटलं, "मी माझ्या शब्दांत लिहिलं."

पलीकडे तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "अगं, शब्दांचा प्रश्नच नव्हता. शब्द कसेही लिही, पेटंट रीतीवर असतं. दोन गोळ्यांच्या रीतीवर." आणि मग, "तीन महिने साहेबांच्या मागे लागले होते गं मी. आता विचारायलाही जाता येणार नाही. विचारलं की तू वापरतेयस हेच त्यांना कळणार." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी भांडायला तयार होते. ती नुसती म्हणाली, "काढून टाक ते, ताई. आजच्या आज."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी येऊन मी तिची ती जुनी विनंती उघडली. अजून तशीच थांबलेली होती, पण बटणाच्या जागी आता ओळ होती: पाठवणाऱ्याने मागे घेतली, तारीख आजचीच. त्या दिवशी मी ती पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. कोडाच्या सगळ्यात खाली, जिथे कुणी बघत नाही तिथे, तिने लिहिलं होतं: ही सुधारणा उघाडी राखणाऱ्या माझ्या काकांसाठी. पेटी ताईची. आणि तेव्हासुद्धा, देवाशप्पथ, माझ्या मनात पहिलं काय आलं? की हेही तिलाच सुचलं. वडील माझे, आणि ओळ तिची.

पाचही गावांतून दोन गोळ्यांची रीत काढली. आमच्या उघाडीवरची सगळ्यात शेवटी. मग सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना भोंगा वाजला. वडिलांनी हात धुतला, काठी घेतली. मी म्हटलं, "बसा, मी जाते." पण ते कुठले ऐकतायत. देवळामागून वळसा घालून आम्ही दोघं बांधावर पोचलो, ते पुढे, मी मागे. पाणी होतं तिथेच होतं. लांब एक ट्रॉलर चालला होता.

"होडी गेली," वडील म्हणाले. बांधावर बसून गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "परत बिघारली काय गो पेटी? तुजी बहीन त्या टायमाला काय तरी पाठवनार व्हती ना?"

"व्हय."

"मंग? पाठवलं न्हाय तिनं?"

मी खाडीकडे बघत म्हटलं, "न्हाय बाबा. न्हाय पाठवलं."