मांडीवरचा डबा

केज-बीड एसटीत कंडक्टरनं दोनदा सांगूनही शेजारच्या माणसानं बर्फाचा डबा वर फळीवर ठेवला नाही. वळण आलं की तो डब्याला कवटाळायचा. मला राहवेना. आत काय आहे, विचारलं.

"गावच्या हातपंपाचं पाणी हाय. तपासायला नेतोय."

"पहिल्यांदाच?"

"कशाचं! मागं खराब निघालं, तवा आरोग्यवाल्यांनी पिऊ नका म्हणून पंपाला लाल रंग मारला. मग दुरुस्तीवाले आले, त्यांनी वरून चकाचक निळा दिला. लोक लई खूश, पुन्हा रांगा लागल्या."

हसत त्यानं पिशवीतली बाटली काढली, दोन घोट घेतले आणि माझ्यापुढं धरली.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"त्याच पंपाचं. दुसरं हाय कुठं?"

माझा हात मागं आला. उरलेलं पाणी पिऊन त्यानं डबा पुन्हा नीट धरला.