बटावरचा ‘एस’

शशीबाईची एकही गोळी टारगेटला लागली नव्हती. सुबेदार डोंगरेसाहेब दुर्बीण खाली ठेवून म्हणाले, “वानखडे, आता काय करायचं इचं?”

मी पोलीस लाइनीतला आर्मोरर. म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हिवाळ्यात सौंसरजवळच्या चांदमारीवर सालाना फायरिंग असायची, तेव्हा मी हत्यारांची पेटी घेऊन छिंदवाड्याहून यायचो. शशिकला गजभिये लोधीखेड्याची. नवरा आमच्यातलाच शिपाई होता, अपघातात गेला. त्याच्या जागी तिला घेतलं, पांढुर्णा ठाण्यात नेमलं. पण नोकरी पक्की व्हायला रायफलची फायरिंग पास करावी लागे. आदल्या साली ती नापास झाली होती. घरात दोन पोरी आणि म्हातारी सासू.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. दंडावर काळानिळा डाग पडला होता.

“दुखते काय, बाई?”

“दुखते ना भाऊ. पण ते चालते. गोळी कुठं जाऊन राहिली तेच समजत नाही.”

डोंगरेसाहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, “इले कारबाईन द्या. हलकी असते. पाहू तरी, नेम हाय का नाही.”

इथं थोडं सांगायला हवं. आमची रायफल म्हणजे थ्री-नॉट-थ्री. लांब नळी, लाकडी अंग, भलं वजन. काडतूस मोठं. नळी लांब असल्यामुळे बारूद गोळीला जास्त वेळ ढकलते, म्हणून गोळी जोरात आणि दूरवर जाते. त्याच जोरानं बंदूक मागे खांद्यावर आदळते. कारबाईन म्हणजे मुळात आखूड नळीची रायफल. पण पोलिसांत आम्ही जिला कारबाईन म्हणायचो ती नऊ एमएमची, पिस्तुलाचं छोटं काडतूस उडवणारी. दस्ता लोखंडी, घडी होणारा. जीपमध्ये, गल्लीत, गर्दीत वागवायला सोपी. धक्का नावालाच. पण मार जवळचा. मैदानापलीकडचा माणूस तिच्यानं टिपायचा म्हटलं तर कठीणच.

शशीबाईनं कारबाईन सिंगलवर, म्हणजे एकेक गोळी सुटेल अशी ठेवून, जवळच्या टारगेटवर चालवली. गोळ्या एका जागी बसल्या.

बाजूचा हवालदार म्हणाला, “जवळून तर कोनीबी मारते.”

ते खरं होतं. पण मी टारगेटकडे पाहत नव्हतो, तिच्याकडे पाहत होतो. रायफल चालवताना ती गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटायची. आता डोळे उघडे होते.

“काय फरक वाटला?” मी विचारलं.

ती म्हणाली, “हे माह्या हातात येते, भाऊ. त्या रायफलीले मले मान ताणून पोचा लागते. माह्या घरच्या पावड्याचा दांडा बाबानं कापून लहान केला होता, तसं काही होत नाही का तिचं?”

मी रायफल तिच्या खांद्याला लावून पाहिली. बट, म्हणजे मागचा लाकडी दस्ता, इतका लांब होता, की तो खांद्याच्या खळीत बसतच नव्हता. घसरून दंडावर यायचा. म्हणून तो डाग, म्हणून ते डोळे मिटणं.

थ्री-नॉट-थ्रीचे बट वेगवेगळ्या लांबीचे यायचे. आखूड बटावर ‘शॉर्ट’चा इंग्रजी ‘एस’ ठोकलेला असे. हे मला ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांत कुणी मागितला नव्हता आणि मीही कुणाला दिला नव्हता. मोहगाव चौकीची एक नळी झिजलेली रायफल जमा करायला आमच्या ट्रकमध्ये पडली होती. तिच्या बटावरची धूळ पुसली. ‘एस’ निघाला.

“साहेब, जेवणाच्या सुट्टीपर्यंत टाइम द्या.”

“दिला. पण लाकूड फोडू नका.”

त्यांनी बरोबर बजावलं होतं. या रायफलीत पुढचं लाकूड आधी काढावं लागतं. घाईघाईनं बटाचा बोल्ट फिरवला तर ते तडकतं. मी सावकाश काढलं. शशीबाई बाजूला बसून स्क्रू हातात धरून होती. बट बदलून रायफल पुन्हा तिच्या खांद्याला लावली. मान ताणावी लागली नाही.

दुपारी ती फायरिंगला पालथी लेटली. पहिली गोळी टारगेटच्या कडेला लागली. तिनं वळून पाहिलं नाही. पुढच्या आतआत सरकत गेल्या. डोंगरेसाहेबांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “पास हाय. जास्तीचे मार्क नाहीत, पण पास हाय.”

शशीबाईनं रायफल खाली ठेवली आणि दंड चोळला. “आता दुखत नाही,” एवढंच म्हणाली.

ती पक्की झाली. पुढे पांढुर्ण्यात हवालदार झाली. संत्र्यांच्या हंगामात रेल्वे स्टेशनात बंदोबस्ताला उभी दिसायची.

त्या संध्याकाळी मी पेटी भरत होतो, तर ठेंगण्या बांध्याचे दोन शिपाई ट्रकमागे आले. इकडेतिकडे पाहून एकानं हळूच विचारलं, “वानखडेभाऊ, तो एसवाला बट अजून हाय काय?”

पुढच्या साली मी येताना कोतातून, म्हणजे हत्यारांच्या कोठारातून, आखूड बट मोजून आणले. बायकांसाठी म्हणून आणले होते. नेले सगळे पुरुषांनीच.