पाच मिनिटांचा अध्याय

मारुंजीत आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर एक मेंढपाळ मेंढ्या चारतो. गुरुवारी देवळात माझं प्रवचन असलं की तो दाराशी येतो. काठी दोन्ही खांद्यांवर आडवी टाकून उभाच राहतो, बसत कधी नाही. मी काहीही सांगितलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं, "आसंल, महाराज."

रणांगणात धनुष्य टाकून रडणाऱ्या वीराचा पहिला अध्याय मी दरवेळी पाच मिनिटांत उरकत आलो. रडणं काय सांगायचं? खरं ज्ञान पुढंच आहे.

मागच्या आठवड्यात त्याच्या एका मेंढीचं कोकरू मेलं. ती त्याला चाटत होती, खुरानं ढोसून उठवत होती. मला बघवेना. म्हटलं, "मामा, उचला ना ते. तिला कशाला त्रास?"

पहिल्यांदाच तो "आसंल" म्हणाला नाही.

"न्हाई महाराज. रडून घिऊ द्या तिला. बघू दिलं न्हाई, तर हुडकत फिरंल. रडून झालं, की दुसऱ्याचं पोरकं कोकरू बी जवळ घेतीया."

दोन दिवसांनी एक पोरकं कोकरू खरंच तिला लुचत होतं.

आमचं बाळ जन्मतःच गेलं, तेव्हा बायकोला त्याचं तोंडही न दाखवता मीच ते उचलून नेलं होतं. ती रडायला लागली, तर उशाशी बसून तिला दुसरा अध्याय ऐकवला होता.

बावीस वर्षं झाली. अजून कुणाच्या बारशाला गेली, की ती पाळण्यात वाकून बराच वेळ बघत राहते.