गट नंबर चारची भिंत

व्हिडिओ गेमच्या नादाने आजवर कितीतरी पोरांनी शाळा बुडवल्या असतील आणि आयांची बोलणी खाल्ली असतील. पण एका भिकार खेळाची इतक्या निष्ठेने आणि इतक्या कायदेशीर पद्धतीने सेवा केलेला माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज जगात दुसरा नसेल. हे माझ्या बायकोचे धाकटे मामा. खोडदला मळ्यात घर, आणि जन्मभर नोकरी केली ती सरकारी जमीन मोजणीची. तालुक्यातल्या निम्म्या बांधांची भांडणं त्यांनी मिटवली आणि उरलेली लावली, असं गावात म्हणतात. नोकरी संपली तरी डोळ्यातली मोजणीची साखळी काही सुटली नाही. कुणाकडे बसायला गेले तर आधी सतरंजीची कड भिंतीला सरळ आहे का ते बघणार. ताटात वाढलेल्या भाताने आमटीच्या हद्दीत किती शिरावं, याबद्दलही त्यांचं मत असे. आमच्या लग्नात अक्षता टाकता टाकता मांडवाचा एक खांब गावरस्त्यात आलाय, हे त्यांनी वरबापाच्या कानात सांगितलं होतं. वरबाप म्हणजे माझे वडील. ते पुढे कितीतरी दिवस मामांना बघितलं की दुसऱ्या वाटेने जात.

अशा माणसाच्या घरात व्हिडिओ गेम शिरला तो मामींमुळे. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. दोघांच्या घरात आवाज तेवढा मामींचाच. मामा रिटायर झाल्यावर रंगीत टीव्ही आला आणि त्यावर रविवारी सकाळी एक कार्टून लागे, चष्मेवाला कोल्हा आणि त्याचा दोस्त कासव यांचं. हा कोल्हा अतिशय बिलंदर. मामी त्या वेळात चुलीवरचं उतरवून ठेवत आणि पदर तोंडाला लावून हसत. एकदा नारायणगावच्या एका दुकानात त्यांना टीव्हीवर खेळायच्या खेळाची कॅसेट दिसली. डब्यावर हाच कोल्हा, हेच कासव, मागे धबधबा, आणि कोपऱ्यात ‘अस्सल’ असा सोनेरी शिक्का. मामा आयुष्यभर शिक्क्यावर विश्वास ठेवत आले होते. त्यांनी कॅसेट, ती घालायचं मशीन आणि दोन रिमोट असं सगळंच उचललं.

घरी येऊन लावल्यावर कळलं की शिक्क्याच्या आत काहीच अस्सल नाही. कोल्ह्याचा चष्मा कुठेतरी गळाला होता. हिरवं कासव जांभळं होऊन आलं होतं. कार्टूनमध्ये सगळ्या गावाला टोपी घालणारा कोल्हा इथे सपाट जमिनीवरून घसरत जाई. बटण दाबलं की तो जरा विचार करी आणि मग उडी मारी, तोवर खड्डा येऊन गेलेला असे. कार्टूनमधली गोगलगाय त्याची मैत्रीण. इथे तिला नुसतं शिवलं तरी कोल्हा उताणा. नारळ वेचत जायचं, पण वेचलेल्या नारळांचं पुढे काय होतं याचा खुलासा कुठेच नाही. गाणं एकच, आणि तेही अर्ध्यात तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. दुसरा कुणी असता तर कॅसेट दुकानदाराच्या टेबलावर आपटून आला असता. मामांनी मात्र चष्मा लावला, टीव्हीसमोर पाट घेतला आणि त्या राज्याची मोजणी सुरू केली.

खेळातल्या प्रत्येक पायरीला ते ‘गट’ म्हणत. गट नंबर एक, गट नंबर दोन. काट्याला न लागताच कोल्हा मेला की ते मला बोटाने पडदा दाखवत. “बघा पावणं. काटा हितं, आन् ह्यो मेला तितं. काट्यानं अतिक्रमण केलंय.” दिसायला भक्कम पूल, पण पाय ठेवला की कोल्हा आरपार खाली जाई. त्यावर ते समजूत घातल्यासारखं म्हणत, “सातबाऱ्यावर जमीन हाय, पण कब्जा न्हाई. असं लई ठिकाणी असतं.” शेजारचा एक शेतकरी एकदा डोकावून म्हणाला, “मामा, ह्ये आपल्या शिवारातल्या तबकड्यांमुळं बिघडत आसंल.” आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या, रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड तबकड्यांवर आमच्याकडे न पडलेल्या पावसापासून न जमलेल्या लग्नापर्यंत कशाचंही खापर फुटतं. मामांना ते खपलं नाही. “त्या बिचाऱ्या वर बघत्यात. त्यांना काय करायचं आपल्या कोल्ह्याशी? दोष मूळ मोजणीतच हाय.”

मला या खेळाचा पत्ता लागला तो लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यात. अधिक महिन्यात जावयाला बोलावून त्याचे पाय धुवायचे, अनारसे द्यायचे, ही आपली रीत. मामांना मुलगी नाही, म्हणून भाचीचा नवरा हाच त्यांचा जावई. त्यांनी परातीत माझे पाय धुतले, पंच्याने पुसले, कुंकू लावलं, आणि मी लाजेने छताकडे बघत बसलो. जेवणानंतर बाहेरच्या खोलीत जरा आडवा झालो, तर आतून मामींचा आवाज आला, “अवं, वाका की जरा! मी पाय देते डोक्यावर!” मला वाटलं, फळीवरचा डबा काढायचा असेल. मग पुन्हा, “सरळ उभं ऱ्हाऊ नका, वाका!” आणि मागोमाग मामींचं खदखदून हसणं. मी दारातून बघितलं तर दोघं दोन पाटांवर, हातात रिमोट, आणि पडद्यावर वाकलेल्या जांभळ्या कासवाच्या डोक्यावर कोल्हा उभा. गट नंबर चारची भिंत होती ती. एकट्याची उडी तिथे पुरत नसे. एकाने वाकायचं आणि दुसऱ्याने त्याच्या डोक्यावर पाय देऊन वर जायचं. कोल्हा मामींचा, कासव मामांचं. वाकायचं कुणी, हा प्रश्न त्या घरात कधी पडलेला दिसत नव्हता.

दोनेक वर्षांनी मामी गेल्या. दुखणं थोड्याच दिवसांचं. त्यानंतर मामांच्या घरी जाणं अवघड व्हायला लागलं, कारण तिथे आता कुणी बोलतच नसे. मामा चहा करत, दोन कप मांडत, एक परत ठेवत. मोजण्यासारखं काही उरलं नसावं. सतरंजी वाकडी असली तरी त्यांचं लक्ष नसे. मी तेव्हा मंचरला बँकेत होतो. एका शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम आटोपून स्कूटरवरून सहज गेलो, तर टीव्हीसमोर दोन पाट मांडलेले. एकावर मामा, दुसऱ्यावर रिमोट. माझ्याकडे न बघता म्हणाले, “पावणं, येळ हाय का जरा? ह्यो खेळ एकट्याचा न्हाई.” मी पाटावर बसलो तो पुढची सात-आठ वर्षं बसलो.

मला कोल्हा मिळाला. “कोल्हा तिचा व्हता, तुमी चालवा. मी आपला कासव.” माझ्यासारखा बेंगरूळ कोल्हा त्या खेळानेही बघितला नसेल. मी खड्ड्यात पडलो की मामा हळहळत, पण शब्दाने दुखवत नसत. जावई ना! “पावण्यांची काय चूक न्हाई, खड्डाच हद्द सोडून आलाय.” पुलापाशी आम्ही दोघं अडून बसायचो. मी म्हणायचो, “मामा, तुम्ही आधी.” ते म्हणायचे, “छ्या, तुमी पुढं व्हा.” हा मानपान चालू असताना मागून गोगलगाय येऊन दोघांनाही घेऊन जायची.

तरी तीन गट आम्ही रेटत नेले. चौथ्यात ती भिंत आली आणि सगळं थांबलं. मी कोल्ह्याला वाकवलं आणि म्हणालो, “द्या पाय, मामा.” मामांनी रिमोट मांडीवर ठेवला. “ज्यांचं पाय परातीत धुतलं त्यांच्या डोक्यावर पाय देऊ?” मी म्हणालो, “अहो, तो कोल्हा आहे!” तर म्हणाले, “कोल्हा असला म्हणून काय झालं? चालवणारं तुमीच ना?” बरं, मग मी त्यांच्या डोक्यावर पाय द्यावा, तर ते मलाही जमेना. समोर पिकल्या मिशांचा, धोतराचा सोगा आवरून बसलेला माणूस, आणि त्याच्या कासवाच्या टाळक्यावर मी पाय देणार? माझा अंगठा बटणावर जाई आणि तिथेच थांबे. मग आम्ही भिंतीच्या पायथ्याशी उगाच उड्या मारायचो. मामा म्हणत, “कुठंतरी हद्द ढिली आसंल. बघू पुढच्या शनवारी.” मशीन बंद. पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्या गटापासून, कारण आपण कुठवर आलो हे लक्षात ठेवायची अक्कल त्या खेळाला नव्हती.

बायकोला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. एकदा ती माझ्याबरोबर आली आणि सरळ पाटावर जाऊन बसली. “मामा, मी देते पाय. तुमच्या खांद्यावर बसूनच सगळ्या जत्रा बघितल्यात मी.” तिला कसली भीड? पण मामांनी तिच्या हातातून रिमोट हळूच काढून घेतला. “तुला कोल्हा नीट चालवता येत न्हाई, बाय. चहा टाक.” मला ते विचित्र वाटलं. कोल्हा नीट चालवणं हा माझाही गुण नव्हता.

मग माझी बदली झाली, थेट चंद्रपूरला. मंचरहून खोडदला स्कूटर जाते, चंद्रपूरहून जात नाही. हे मामांना कसं सांगावं, याची मी घरून तालीम करून गेलो. तो शेवटचा शनिवार होता. सांगितलं. मामांनी बाहेरच्या कांद्याच्या वाफ्याकडे बघितलं. “लांब हाय,” एवढंच म्हणाले. मग कॅसेटवर फुंकर मारली, मशीन लावलं आणि म्हणाले, “आज गट चार काढू.”

त्या दिवशी मी बऱ्यापैकी खेळलो. भिंत आली. जांभळं कासव तिच्या पायथ्याशी गेलं आणि वाकलं. “द्या पाय,” मामा म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं. “रीत नंतर बघू. द्या.” मी रिमोट खाली ठेवला, उठून त्यांच्या खऱ्याखुऱ्या पायांवर डोकं ठेवलं, परत पाटावर बसलो आणि बटण दाबलं. कोल्ह्याने नेहमीप्रमाणे जरा विचार केला आणि मग उडी मारली. कासवाच्या डोक्यावर, आणि तिथून भिंतीवर.

पडदा वर सरकला. समोर एक मोठी बाग होती, डब्यावरच्या चित्रातला धबधबा होता, आणि कासव कुठेच नव्हतं. पडदा कोल्ह्याच्या मागे वर आला होता आणि खालचा भाग दिसायचा बंद झाला होता. पण खालून आवाज येत होता, कासवाच्या उडीचा. टुण. थोडं थांबून पुन्हा टुण. मी वळून बघितलं तर मामा आपलं बटण दाबत होते.

“मामा, तुम्ही वर कसे येणार?”

“न्हाई येता येत. खालच्याला वहिवाट न्हाई,” मामा म्हणाले. “करणाऱ्यांनी वाटच ठेवलेली न्हाई. बाकी चुका चालत्यात, पावणं. ही लई मोठी चूक हाय.”

“मग मामी काय करायच्या?”

“परत उडी मारायची खाली. दर टायमाला. म्हनायची, एकटीनं बाग बघून काय करू?” त्यांनी अंगठ्याने पुन्हा बटण दाबलं. खालून टुण झालं. “शेवटाला तेवढी न्हाई आली.”

इतकी वर्षं ते भिंतीशी का अडत होते आणि भाचीच्या हातातून रिमोट का काढून घेतला, हे मला त्या पाटावर बसल्या बसल्या कळलं. मी कोल्हा मागे वळवला, कडेला आणला. उडी मारणार, तेवढ्यात मामांनी माझं मनगट धरलं.

“नका. तुमाला जायचंय ना? जावा पुढं. मी हाय हितं.”

मी पुढे गेलो. बाग अर्धवटच होती. झाडांना मागची बाजू नव्हती, धबधब्यातून कोल्हा कोरडाच निघाला, आणि पुढे नुसतं निळं आभाळ लागलं, त्यात काहीच नाही. मामा टक लावून बघत होते. एवढ्या चुका समोर असून त्यांनी एकही दाखवली नाही. मी पोचलोय तिथवर आवाज यावा म्हणून ते अधूनमधून बटण दाबत राहिले. स्कूटरला किक मारताना त्यांनी माझ्या डिकीत कांद्याची पिशवी ठेवली आणि डिकीचं झाकण सरळ बसलंय का ते दोनदा बघितलं.

चंद्रपूरहून मी रविवारी त्यांना फोन करतो. बोलायला फारसं नसतं. पाऊस, कांदा, गुडघे. परवा बोलता बोलता मला मागे ते तुटकं गाणं ऐकू आलं. मी आनंदाने विचारलं, “कोण आलंय खेळायला?”

“कुनी न्हाई,” मामा म्हणाले. “दोन्ही रिमोट मीच घेतो. एका हातानं कासव वाकवतो, दुसऱ्यानं कोल्हा वर पाठवतो.”

“आणि मग?”

“मग काय? बसतो. खाली कासव दिसत न्हाई. मधनंमधनं बटण दाबून बघतो, हाय का अजून.”

मग मी विचारलं, “आहे का?”

“हाय की,” मामा म्हणाले, आणि मला ऐकू यावं म्हणून त्यांनी फोन टीव्हीजवळ नेला.