मोराच्या पुठ्ठ्यांतून आलेलं ग्रहण

ऐंशी सालच्या माघी अमावास्येला मी सिन्नरहून पहाटेच्या एस.टी.ने भिवंडीला निघालो, तेव्हा माझ्या मांडीवर बुटांचं एक खोकं होतं. त्यात मेणबत्तीवर धुरकटवलेल्या बारा काचा होत्या. दुपारी सूर्यग्रहण होतं. मी शिकवतो त्या शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. म्हणून ग्रहण दाखवण्याची ही सेवा मी कॉलेजातला मित्र नामदेव याच्या गावी, भिवंडीजवळच्या शेलारला करायची ठरवली होती. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. वडिलांनी बाजार समितीत पोती उचलून मला शिकवलं, तेव्हा हे ज्ञान चार लोकांना द्यावं असं मला मनापासून वाटे. खिशात दोन पानी भाषणही होतं.

पडघ्याला गाडी थांबली. मी खोकं जागेवर ठेवून खाली उतरलो, मिसळ खाल्ली आणि वर येऊन पाहतो तो माझ्या जागेवर भाजीची पाटी घेतलेली एक मावशी बसलेली. मी खोक्याबद्दल विचारलं. तिने शांतपणे सांगितलं की बसताना काहीतरी कुरकुरलं खरं, पण तिला वाटलं पापड असतील. बारांपैकी एकही काच वाचली नव्हती.

भिवंडीत उतरलो तर गाव ओळखू येईना. याआधी आलो होतो तेव्हा लूमच्या खटखटाटात माणसं एकमेकांच्या कानात ओरडून बोलत होती. आज पहिली शिफ्ट अर्ध्यातच सुटली होती. दुकानांच्या फळ्या लागत होत्या. एका टांगेवाल्याने शेलारला नेण्याचं कबूल केलं, पण वाटेत तीनदा थांबून घोड्याकडे बोट दाखवत म्हणाला, "इसको भी डर लगता है, साब." घोडा गवत खात होता.

नामदेवचं घर पुढे आणि मागे लूमची शेड. शेडमध्ये साड्यांचे काठ विणत. नामदेवने मला मिठी मारली आणि लगेच सांगितलं की वेध लागलेत, तेव्हा जेवण ग्रहण सुटून अंघोळ झाल्यावर. चुलीपाशी झाकलेल्या प्रत्येक भांड्यावर तुळशीचं पान होतं. वालाच्या बिरड्याचा वास मात्र पानाला जुमानत नव्हता.

खरी अडचण आतल्या खोलीत होती. नामदेवची बायको, सुमनवहिनी, सातव्या महिन्यात होती. लग्नानंतर सात वर्षांनी दिवस राहिले होते. नामदेवच्या आईने तिला पाठीवर सरळ निजवून ठेवलं होतं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, कूस बदलायची नाही. खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी होती. उजेडाचा कवडसाही यायला नको म्हणून आईने शेडमधून जुन्या पुठ्ठ्यांची चवड आणवली आणि खिडकीवर दोन थर खिळ्यांनी ठोकले.

मी खिशातलं भाषण काढलं. सावल्यांचा खेळ आहे, गर्भाला काही होत नाही, असं पहिल्या पानावरचं सांगून झालं. आईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मास्तर, तुमचं शास्तर तुमच्या शालंत ठेवा," त्या म्हणाल्या. "आमच्या आलीत (गल्लीत) एक जन गिराणात (ग्रहणात) इली (विळी) घेऊन बसली, तं पोर ओठ फाटून आलं. मना माझं नातवंड नीट पायजे."

दुसरं पान मी परत खिशात ठेवलं.

आई पाणी आणायला बाहेर गेल्या तेव्हा वहिनी छताकडे बघत हळूच म्हणाली, "भावोजी, दहावीत मी ग्रहणाची आकृती काढली होती. दहापैकी दहा. अख्ख्या जन्मात एकदा खरं ग्रहण आलंय, आणि मी इथं ओंडक्यासारखी पडलेय. दाखवाल ना?"

काचा पापडांच्या वाटेने गेल्या हे तिला सांगायची मला हिंमत झाली नाही.

अडीचनंतर बाहेरचं ऊन विचित्र फिकं झालं. आई वहिनीच्या उशाशी जप करत बसल्या. मी आणि नामदेव दारात. एकाएकी आईंचा जप थांबला.

वहिनीच्या हिरव्या साडीवर चाळीसएक सूर्य पडले होते. रुपयाच्या नाण्याएवढे, आणि प्रत्येकाचा एका बाजूने लचका तोडलेला.

आईंनी गोधडी ओढून तिच्यावर घातली. सूर्य गोधडीवर आले. त्या स्वतः मध्ये आडव्या आल्या, तर त्यांच्या पांढऱ्या पदरावर आले. नामदेव खिडकीशी उभा राहिला आणि त्याच्या शर्टावर दोन-तीन बसले. एव्हाना मला उलगडा झाला होता. ते पुठ्ठे साधे नव्हते. काठावरची नक्षी विणताना कुठला धागा उचलायचा हे लूमला सांगणारे, भोकं पाडलेले पुठ्ठे होते ते. दोन थरांची भोकं जिथे जुळली, तिथून प्रत्येकातून एकेक सूर्य आत आला होता.

तेवढ्यात शेडचे फिटर करीमभाई मशिदीतून ग्रहणाची नमाज पढून आले. गडबड ऐकून उंबऱ्यातच थांबले, खिडकीकडे पाहून म्हणाले, "अरे, ये तो अपना मोर है. बॉर्डरवाला." पुठ्ठे मोराच्या काठाचे होते. मग आईंचा चेहरा पाहून त्यांनी आवाज उतरवला. त्यांच्याकडे मौलवी सांगतात, की कुणाच्या जन्मामुळे किंवा मरणामुळे सूर्याला ग्रहण लागत नाही. म्हणून आपण दुआ मागायची आणि घाबरायचं नाही, एवढंच.

हेच मी दोन पानांत लिहून आणलं होतं. पण आईंनी ते करीमभाईंकडून ऐकलं. वीस वर्षं करीमभाईंनीच या घराचे लूम चालू ठेवले होते.

मग वहिनीच्या पोटावरचा एक सूर्य बोटाने चाचपून आईंनी निकाल दिला. "आपन कुटं बगाया गेलो? त्योच आला घरात. आल्याला काय हाकलाचा?"

वहिनी उठून बसली. तिला कुणी अडवलं नाही.

मग मी माझी विद्या दाखवली. डावीकडून खाल्लं जातंय म्हणजे चंद्र डावीकडून सरकतोय, असं ठासून सांगितलं. "भोकातून उलटं पडतं, भावोजी," वहिनी म्हणाली. करीमभाई खोकले. त्यापुढे मी फक्त पाहिलं. सूर्यांच्या नुसत्या कोरी उरल्या, पुन्हा भरत गेल्या, आणि दर थोड्या वेळाने आई विचारत, "किती ऱ्हायला?"

सुटल्यावर मला विहिरीवर गार पाण्याने अंघोळ घालण्यात आली. शास्त्राच्या बाजूने मी काही बोलणार होतो, पण तांदळाच्या भाकरीचा वास आला आणि मी आणखी दोन तांबे ओतून घेतले.

परतीच्या गाडीत भाषणाचं दुसरं पान वाचलं. चूक एकही नव्हती. फक्त त्यात सात वर्षं वाट पाहिलेली सासू कुठेच नव्हती.

वैशाखात वहिनीचं पत्र आलं. मुलगी झाली. आईंनी दिव्याजवळ नेऊन ओठ पाहिले, कान पाहिले, बोटं दोनदा मोजली, आणि मग रडल्या. शेवटी लिहिलं होतं: आई विचारतात, पुढचं गिराण कधी?

मला माहीत नव्हतं. शाळेतल्या पुस्तकांत नव्हतं. अखेर पंचांग पाहणाऱ्या गुरुजींकडे गेलो. ते हसले. म्हणाले, "शास्त्राचे मास्तर तुम्ही, तुम्हाला हो कशाला हवं? पाळायला?"

"नाही," मी म्हटलं. "एका आजीला नातीला दाखवायचंय."